विमा कंपनी, रुग्णालय आणि स्पर्धा कायदा

दक्षिण बंगळूरमधील जे. पी. नगर ही लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावाने ओळखली जाणारी, टप्प्याटप्प्याने विस्तारत गेलेली निवासी वसाहत आहे. तेथील एखादे नोकरदार कुटुंब आरोग्य विमा घेते तेव्हा त्याच्या हाती दोन कागद येतात. एक पॉलिसी आणि दुसरी संलग्न रुग्णालयांची यादी. या दोन्ही कागदांचे प्रत्यक्ष मोल ज्या तिसऱ्या कागदावर ठरते, तो मात्र विमेदाराला कधीच पाहायला मिळत नाही. हा तिसरा कागद म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातील करार. कोणत्या शस्त्रक्रियेला किती दर, देयक किती दिवसांत चुकते करायचे, करार कोणी व केव्हा मोडायचा, हे सर्व त्यात असते. पैसा विमेदाराचा, शरीरही त्याचेच. परंतु करारात तो पक्षकार नसतो.

1 जुलै 2010 रोजी या तिसऱ्या कागदाचे महत्त्व अनेक कुटुंबांच्या एकाएकी लक्षात आले. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स, युनायटेड इंडिया, ओरिएंटल आणि नॅशनल या सार्वजनिक क्षेत्रातील चार साधारण विमा कंपन्यांनी दिल्ली, मुंबई, बंगळूर आणि चेन्नई या शहरांत रोकडरहित उपचारांची, म्हणजेच ‘कॅशलेस’ची सोय मोजक्याच रुग्णालयांपुरती मर्यादित केली. अनेक मोठी खासगी रुग्णालये यादीबाहेर गेली. पॉलिसी रद्द झाली नव्हती; उपचाराचा खर्च नंतर मागण्याचा हक्कही कायम होता. पण आधी स्वतः पैसे भरा आणि मग दावा करा, असा तो हक्क होता. ज्याच्याकडे रुग्णालयात भरण्याइतकी रोकड नाही, त्याच्यासाठी हा फरक तांत्रिक नव्हता.

या घटनेकडे ग्राहकांची गैरसोय म्हणून पाहता येते, तसेच स्पर्धा कायद्याचा प्रश्न म्हणूनही. परीक्षेच्या दृष्टीने दुसरा दृष्टिकोन अधिक उपयुक्त आहे आणि तोच तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

कराराचे अर्थशास्त्र

आरोग्यसेवेची बाजारपेठ भाजीपाल्याच्या बाजारपेठेसारखी नसते, हे केनेथ अ‍ॅरो यांनी 1963 मधील आपल्या प्रसिद्ध लेखात दाखवून दिले. रुग्णाला कोणता उपचार हवा हे रुग्णापेक्षा डॉक्टरला अधिक ठाऊक असते. विमा असला की खर्चाची झळ त्या क्षणी रुग्णालाही बसत नाही आणि डॉक्टरलाही. देयक वाढते, पुढील वर्षी हप्ता वाढतो. हे चक्र थांबवण्याचा एक मार्ग म्हणजे विमा कंपनीने सर्व रुग्णालयांना मान्यता न देता निवडक रुग्णालयांशी आगाऊ दर ठरवणे. ‘तुमच्याकडे रुग्ण पाठवू, त्या बदल्यात दर कमी करा’ असा हा सौदा असतो. या सौद्यातील विमा कंपनीचे खरे शस्त्र म्हणजे यादीतून वगळण्याचा अधिकार. ज्याला कोणालाही वगळता येत नाही, त्याला सवलतही मागता येत नाही.

कर्नाटकाला ठरीव पॅकेज दरांची कल्पना नवी नव्हती. 2003 मध्ये कार्यान्वित झालेल्या यशस्विनी योजनेत सहकारी संस्थांचे शेतकरी सभासद सुरुवातीला वर्षाला अवघे 60 रुपये भरत आणि संलग्न रुग्णालयांत ठरलेल्या दराने त्यांच्यावर शस्त्रक्रिया होत. मोठ्या संख्येने एकत्र आलेले ग्राहक दर कसे खाली आणू शकतात, याचे ते उत्तम उदाहरण होते.

विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यामध्ये आणखी एक दुवा असतो. तो म्हणजे त्रयस्थ प्रशासक, ज्याला व्यवहारात सर्वजण टीपीए म्हणतात. विमा नियामकाने 2001 मध्ये यासाठी विनियम केले. प्रवेशाच्या वेळी मंजुरी देणे, कागदपत्रे तपासणे, देयक पुढे पाठवणे ही कामे टीपीए करतो. या क्षेत्रातील अग्रगण्य कंपन्यांपैकी मेडी असिस्टचे कार्यालय अनेक वर्षे जे. पी. नगरच्याच तिसऱ्या टप्प्यात, सारक्की औद्योगिक वसाहतीत होते. म्हणजे ज्या वसाहतीतील विमेदार रुग्णालयाच्या खिडकीवर मंजुरीची वाट पाहत असे, तेथूनच देशभरातील मंजुऱ्यांचा एक मोठा प्रवाह हाताळला जात होता.

2010 मध्ये चार कंपन्यांनी जे केले त्याला ‘पसंतीच्या रुग्णालयांचे जाळे’ किंवा पीपीएन असे नाव मिळाले. चौघींनी मिळून प्रमाणित दर ठरवले आणि ते स्वीकारणाऱ्या रुग्णालयांनाच यादीत घेतले. कंपन्यांचे म्हणणे असे की, आरोग्य विम्यात हप्त्यांपेक्षा दाव्यांवर अधिक खर्च होत होता आणि विमा आहे असे दिसताच देयके फुगवली जात होती. रुग्णालयांचे म्हणणे असे की, देऊ केलेल्या दरात दर्जेदार उपचार शक्य नव्हते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. पुढील काळात वाटाघाटी होऊन अनेक रुग्णालये जाळ्यात आली आणि ही पद्धत इतर शहरांतही पसरली.

त्या वेळी देशातील आरोग्य विम्याच्या हप्त्यांपैकी निम्म्याहून अधिक या चार कंपन्यांकडे होते. विक्रेते अनेक आणि खरेदीदार जवळपास एक, अशा स्थितीला अर्थशास्त्रात एकक्रेताधिकार म्हणतात. मात्र समोर मोठ्या रुग्णालय साखळ्या असतील तर चित्र द्विपक्षीय मक्तेदारीकडे झुकते आणि दर बाजार ठरवत नाही, सौदाशक्ती ठरवते. विक्रेत्याच्या बळाला खरेदीदाराचे बळ तोलून धरते, असा प्रतितोलक सत्तेचा सिद्धांत गॅलब्रेथ यांनी 1952 मध्ये मांडला होता. त्यातील एक अट अनेकदा विसरली जाते. खरेदीदाराने वाचवलेला पैसा ग्राहकापर्यंत पोहोचला तरच हे बळ समाजाच्या हिताचे ठरते. रुग्णालयाचा दर घटला आणि हप्ता मात्र घटला नाही, तर पैसा केवळ एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

कायदा काय म्हणतो

मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम, 1969 याची जागा स्पर्धा अधिनियम, 2002 ने घेतली. त्यातील कलम 3 आणि 4 हे 20 मे 2009 पासून, तर विलीनीकरणासंबंधीची कलम 5 आणि 6 ही 1 जून 2011 पासून अमलात आली. म्हणजे पीपीएन उभे राहिले तेव्हा हा कायदा जेमतेम एक वर्षाचा होता.

कलम 3(3) हे समान पातळीवरील प्रतिस्पर्ध्यांमधील, म्हणजे क्षैतिज करारांविषयी आहे. किंमत ठरवणे, पुरवठा मर्यादित करणे, बाजार वाटून घेणे आणि निविदांमध्ये संगनमत करणे या बाबतींत स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होतो असे गृहीतच धरले जाते. येथे एक शब्द बारकाईने वाचावा. कायद्यात विक्रीबरोबरच ‘खरेदी’च्या किमतीचाही उल्लेख आहे. त्यामुळे खरेदीदारांनी एकत्र येऊन दर ठरवणे हेही या कलमाच्या कक्षेत येते. मात्र कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना याच कलमाच्या परंतुकाने गृहीतकातून वगळले आहे.

कलम 3(4) हे विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यासारख्या वेगवेगळ्या पातळीवरील घटकांमधील, म्हणजे उभ्या करारांविषयी आहे. तेथे गृहीतक नाही. प्रतिकूल परिणाम सिद्ध करावा लागतो. कलम 4 प्रबळ स्थानाच्या गैरवापराविषयी आहे. ते एका उद्योगाला किंवा एका समूहाला लागू होते. स्वतंत्र उद्योगांच्या एकत्रित प्राबल्याची संकल्पना भारतीय कायद्यात नाही. ती आणू पाहणारे 2012 चे दुरुस्ती विधेयक पंधराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले.

प्राबल्य ठरवण्यापूर्वी ‘संबंधित बाजारपेठ’ निश्चित करावी लागते आणि त्यासाठी जे. पी. नगरचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. प्रसूतीसाठी तेथील कुटुंब जयनगर, बनशंकरी किंवा बन्नेरघट्टा रस्त्यापर्यंत जाईल. शहराच्या उत्तर टोकाला हेब्बाळला जाणार नाही. हृदयशस्त्रक्रियेसाठी मात्र शासकीय जयदेव संस्थेपासून बोम्मसंद्रपर्यंतची रुग्णालये त्याच्या विचारात येतील. अपघातात तर जवळचे एखादे रुग्णालय हीच संपूर्ण बाजारपेठ. बंगळूरमध्ये शेकडो रुग्णालये आहेत हे विधान खरे असूनही आजारी माणसाच्या दृष्टीने निरुपयोगी असते. एकदा दाखल झाल्यावर तर बाजारपेठ आणखी आक्रसते. दिल्ली परिसरातील एका रुग्णालयाविरुद्ध सिरिंजच्या किमतीवरून 2015 मध्ये दाखल झालेल्या तक्रारीत भारतीय स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये चौकशीची व्याप्ती तेथील अतिविशेषोपचार रुग्णालयांपर्यंत वाढवली, ती याच विचाराने. दाखल झालेला रुग्ण औषधे, चाचण्या आणि साहित्य यांसाठी त्या इमारतीशी बांधला जातो.

त्याच चार कंपन्या, दोन निर्णय

चार सरकारी कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी आहेत की एकाच मालकाचे चार हात? हा प्रश्न काल्पनिक नाही. आयोगाने त्याची दोन वेगळी उत्तरे दिली आहेत.

पहिले प्रकरण केरळमधील राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या निविदांचे. चारही कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या बैठकीत सर्वांत कमी बोली युनायटेड इंडियाची राहील आणि नंतर व्यवसाय वाटून घेतला जाईल असे ठरल्याचे बैठकीच्या इतिवृत्तातूनच उघड झाले. आमचा मालक केंद्र शासन असल्याने आम्ही एकच आर्थिक घटक आहोत, हा बचाव आयोगाने फेटाळला. प्रत्येक कंपनीने बोलीचा निर्णय स्वतंत्रपणे घेतला होता, असे कारण देत जुलै 2015 मध्ये एकूण सुमारे 671 कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला. डिसेंबर 2016 मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला, परंतु संबंधित व्यवसायापुरतीच उलाढाल धरून दंड मोठ्या प्रमाणात घटवला.

दुसरे प्रकरण टीपीए कंपन्यांच्या संघटनेने 2013 मध्ये दाखल केले. सार्वजनिक विमा कंपन्यांनी मिळून स्वतःची संयुक्त टीपीए कंपनी स्थापन करणे हे संगनमत आहे, अशी ती तक्रार होती. जानेवारी 2016 मध्ये आयोगाने ती निकालात काढताना या निर्णयापुरता चौघींना एकच आर्थिक घटक मानले. कारण तो निर्णय मालक असलेल्या शासनाच्या संमतीने झाला होता आणि स्वतःशी कोणी संगनमत करू शकत नाही.

दोन निर्णय परस्परविरोधी वाटतात, पण त्यांतून एक निकष निघतो. मालकी कोणाची हे पुरेसे नाही. तो विशिष्ट निर्णय कोणाच्या पातळीवर झाला हे पाहावे लागते. पीपीएनच्या दरांना हा निकष लावून पाहणे हा उत्तम अभ्यास आहे. शासनाच्या संमतीने ठरलेले दर एका घटकाचे अंतर्गत धोरण ठरतील. कंपन्यांनी आपापसात ठरवलेले दर खरेदीदारांचे संगनमत ठरू शकतील. आणि कार्यक्षमतेचे परंतुक सिद्ध झाल्यास तिसरेच उत्तर येईल. सरकारी मालकी ही कायद्यापासून सुटका नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये कोल इंडिया प्रकरणात स्पष्ट केले आहे.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूचे संघटन

रुग्णालयांच्या संघटना हा याच नाण्याचा दुसरा पैलू. ऑगस्ट 2025 मध्ये रुग्णालयांच्या एका राष्ट्रीय संघटनेने उत्तर भारतातील सदस्यांना बजाज अलियान्झच्या विमेदारांची कॅशलेस सेवा 1 सप्टेंबरपासून थांबवण्यास सुचवले. जुन्या दरांवर खर्च भागत नाही, ही त्यामागील तक्रार होती. चर्चेनंतर हा पवित्रा मागे घेण्यात आला. 2010 मध्ये खरेदीदार एकत्र आले होते, 2025 मध्ये विक्रेते. दोन्ही वेळा दबावाचे साधन एकच होते: प्रवेशकक्षात उभा असलेला विमेदार.

एखाद्या रुग्णालयाने दर परवडत नाहीत म्हणून करार मोडणे हा त्याचा व्यावसायिक अधिकार आहे. अनेक रुग्णालयांनी संघटनेच्या आदेशावरून एकाच दिवशी तसे करणे ही वेगळी गोष्ट आहे. सामूहिक बहिष्काराबाबत आयोगाची भूमिका औषध विक्रेत्यांच्या प्रकरणांतून घडली. गोव्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनेविरुद्ध 2012 मध्ये आलेला निर्णय यांपैकी महत्त्वाचा. संघटनेच्या नियमांमुळे औषधांचा पुरवठा मर्यादित होत असल्याचा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. सदस्यांचे हित जपण्यासाठी संघटना असणे गैर नाही. तिने बाजारातील दर किंवा पुरवठा यांचे नियंत्रण हाती घेतले की कलम 3(3) सुरू होते.

कराराच्या आतील कलमे

एका बाजूला कोण कोण एकत्र बसले, हे भारतीय कायदा बऱ्यापैकी तपासतो. कराराच्या आत काय लिहिले आहे, याची तपासणी मात्र क्वचितच होते. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव मोठा आहे.

‘सर्व किंवा काहीच नाही’ ही अट प्रथम पाहू. साखळीतील एक रुग्णालय विमा कंपनीला अत्यावश्यक असते. साखळी सांगते की ते हवे असेल तर उरलेली सर्व महागडी रुग्णालयेही यादीत घ्या. दुसरी अट रुग्णांना वळवण्यास मनाई करणारी. स्वस्त आणि चांगल्या रुग्णालयात गेल्यास विमेदाराला सवलत देण्याचे स्वातंत्र्य ती विमा कंपनीकडून काढून घेते. उत्तर कॅलिफोर्नियातील सटर हेल्थ या साखळीवर अशाच अटींवरून खटला झाला. 2018 मध्ये राज्याचे महाधिवक्ताही त्यात उतरले आणि 57.5 कोटी डॉलरच्या तडजोडीला 2021 मध्ये न्यायालयाची अंतिम मान्यता मिळाली. उत्तर कॅरोलिनातील शार्लट येथील एका साखळीनेही 2018 मध्ये शासनाशी तडजोड करून रुग्ण वळवण्यावरील निर्बंध सोडले.

तिसरी अट विमा कंपनीच्या बाजूची असते: ‘आमच्यापेक्षा कमी दर दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही.’ वरकरणी ती काटकसरीची वाटते. समजा, एका शहरात 40 टक्के विमेदार असलेल्या कंपनीने रुग्णालयाकडून ही अट मान्य करून घेतली. आता नव्या, छोट्या कंपनीला 10 टक्के सवलत द्यायची तर तीच सवलत मोठ्या कंपनीलाही द्यावी लागेल. रुग्णालय अर्थातच नकार देते आणि नवी कंपनी शहरात पाय रोवू शकत नाही. मिशिगनमधील ब्लू क्रॉसविरुद्ध अमेरिकी न्याय विभागाने 2010 मध्ये याच कारणावरून खटला भरला; 2013 मध्ये राज्याने कायद्यानेच अशा अटींवर बंदी आणल्यावर तो मागे घेतला गेला. दर गुप्त ठेवण्याची सक्ती करणाऱ्या कलमांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने 2020 च्या अखेरीस मनाई केली.

भारतात या अटींसाठी स्वतंत्र कायदा नाही. कलम 3(4) मधील सशर्त जोडविक्री, अनन्य व्यवहार आणि व्यवहारास नकार या वर्गांत त्यांना बसवता येईल. 2023 च्या दुरुस्तीने या कलमाची भाषा ‘इतर कोणताही करार’ अशी व्यापक केल्यामुळे ते अधिक सुकर झाले आहे. खरी अडचण पुराव्याची आहे. करार गोपनीय असतात. त्यातील अट माहीत असलेल्या दोघांनाही तक्रार करण्यात रस नसतो आणि ज्याला रस आहे त्या विमेदाराला ती माहीत नसते. गोपनीयतेच्या कलमावर प्रथम घाव घालण्याची गरज आहे ती याचसाठी.

नियामक दोन, रुग्णालय मधोमध

विमा नियामक प्राधिकरणाचा अधिकार विमा कंपन्या आणि टीपीए यांच्यावर चालतो, रुग्णालयांवर नाही. मे 2024 च्या मुख्य परिपत्रकाने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या मंजुरीवर तीन तासांत निर्णय देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. रुग्णालयाने कोणता दर लावावा हे ते सांगू शकत नाही. रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. कर्नाटकाने 2017 मध्ये खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात दुरुस्ती करताना दर ठरवण्याचा विचार केला. डॉक्टरांच्या मोठ्या आंदोलनानंतर हा अधिकार शासकीय योजनांखालील उपचारांपुरता उरला. जानेवारी 2024 मध्ये साधारण विमा परिषदेने ‘कॅशलेस सर्वत्र’ हा उपक्रम आणला. त्यानुसार यादीबाहेरील रुग्णालयातही पूर्वसूचना देऊन रोकडरहित उपचार मागता येतात. विमेदाराला तो सोयीचा आहे, परंतु वगळण्याचा अधिकार जितका सैल होईल तितकी विमा कंपनीची दर कमी करण्याची ताकदही सैल होईल, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

दरम्यान दोन्ही बाजूंचे केंद्रीकरण वाढत आहे. बंगळूरच्या मणिपाल समूहाने कोलंबिया एशियाची भारतातील रुग्णालये घेतली आणि 2025 मध्ये पुण्याच्या सह्याद्री रुग्णालयांच्या खरेदीचा करार जाहीर केला. मेडी असिस्टने 2024 मध्ये पॅरामाउंट टीपीए घेण्याचा करार केला. अशा व्यवहारांची तपासणी कलम 5 आणि 6 खाली मालमत्ता व उलाढालीच्या मर्यादांवर, आणि सप्टेंबर 2024 पासून 2,000 कोटी रुपयांवरील व्यवहारमूल्यावरही अवलंबून असते. एखाद्या उपनगरातील 100 खाटांचे रुग्णालय साखळीने घेतले तर ते या मर्यादांखालून सहज निसटते, जरी त्या उपनगरापुरती बाजारपेठ त्याने पूर्ण बदलली तरी.

दोन नियामकांच्या कार्यक्षेत्रांचा छेद जेथे होतो तेथे कलम 21 आणि 21अ उपयोगी पडतात. वैधानिक प्राधिकरण आपल्यापुढील प्रश्न आयोगाकडे मतासाठी पाठवू शकते आणि आयोगही तसेच करू शकतो. हे मत बंधनकारक नसते, पण त्याची दखल घेऊन सकारण निर्णय द्यावा लागतो. मार्च 2024 पासून लागू झालेल्या कलम 48अ आणि 48ब नुसार उभे करार आणि प्रबळ स्थानाचा गैरवापर यांच्या प्रकरणांत तडजोड किंवा वचनबद्धता देऊन चौकशी मिटवता येते. संगनमताला ही सवलत नाही. त्यामुळे करारातील आक्षेपार्ह अट काढून टाकण्याचे वचन देणाऱ्या रुग्णालय साखळीला किंवा विमा कंपनीला आयोगासमोर मार्ग मोकळा आहे. सदस्यांना एकाच दिवशी कॅशलेस बंद करण्यास सांगणाऱ्या संघटनेला तो नाही.